मेलेल्यांच्या फळीवरचा आचारी

सिरिलो आयाला मेला, ही बातमी आम्हाला त्याच्याच हातचं सूप पिताना कळली.

बातमी आणली ओस्मारने, आमच्या रेडिओवाल्याने. जेवणघराच्या दारात तो कागद धरून उभा राहिला आणि कानावरचे हेडफोन उतरवून गळ्यात घालून घेतले. ओस्मार हेडफोन उतरवतो तेव्हा काहीतरी गंभीर असतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातल्या या लष्करी तळावर आम्ही मोजकी माणसं, त्यात सहा कुटुंबं, आणि हिवाळ्यात कुणाचं काही लपत नाही.

"सिरिलोदादा, तुमच्या बहिणीचा निरोप आलाय. जरा बसून ऐका."

"मी बसलो तर वाढणार कोण? वाच."

ओस्मारने वाचलं. "आईने तुझा फोटो मेलेल्यांच्या फळीवर ठेवलाय. रोज मेणबत्ती लावते. येत्या रविवारी तुझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा सांगितलाय, मागून गावजेवण. मी सांगून थकले. काय करू? देल्फिना."

अख्खं जेवणघर हसलं. माझा नवरा आन्सेल्मो वाऱ्याची नोंद ठेवणारा सज्जन माणूस, पण तोही "देव तुझ्या आत्म्याला शांती देवो, आणखी एक पळी वाढ," म्हणाला. मुलं टेबलावर चमचे आपटायला लागली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू.

सिरिलो तेवढा हसला नाही. त्याने पळी भांड्यात ठेवली, हात पुसले आणि आत निघून गेला. संध्याकाळचं लोक्रो, म्हणजे मक्याचं दाट कालवण, आलं ते अळणी, मका कच्चा, कढईला लागलेलं. दुसऱ्या दिवशी पाव दगडासारखा. सिरिलोच्या हातचा पाव दगड होणं म्हणजे आमच्याकडे अँटेना पडण्यापेक्षा मोठं संकट.

आमचे मुख्य अधिकारी मेजर उगार्ते त्याला समजवायला स्वयंपाकघरात गेले. मी तिथे कांदे चिरत होते.

"सिरिलो, अरे हसण्यावारी ने. तू सैन्यातला माणूस आहेस."

"सैन्यातला आहे साहेब, पण कोरिएन्तेसच्या खेड्यातला आहे. आमच्याकडे जिवंत माणसाच्या नावाने मेलेल्यांचा मिस्सा झाला, की तो माणूस वर्ष काढत नाही. माझ्या चुलत्याचं तेच झालं."

"कशाने गेला चुलता?"

"बैलाने मारलं."

"मग त्यात मिस्साचा काय संबंध?"

"बैल आधीही होताच की साहेब. मारलं मिस्सानंतर."

मेजरसाहेब टोपी घालून निघून गेले. मी मूळची रोसारिओची, मोठ्या शहरातली, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण समोर एवढा दांडगा गडी पिठात हात घालून उभा आणि तीच कणीक तिसऱ्यांदा मळतोय, हे बघितल्यावर हसू येत नाही. त्याला खरोखर भीती वाटत होती. आणि भीतीपेक्षा वाईट म्हणजे, आईने आपल्याला मेलेल्यांत जमा केलं, याचं त्याला दुःख होतं.

आता ही वेळ आली कशी, तर आमच्याच रेडिओमुळे.

आमच्या तळावर नवरे बर्फ उपसतात आणि बायका रेडिओ चालवतात. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आमचा एक तासाचा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर जातो. निवेदन माझं, गाणी निवडणं माझं, आणि काही चुकलं तर बोलणी खाणंही माझं. तो कुणाला ऐकू जातो, देवाला ठाऊक. आपण माईकसमोर बसायचं आणि काळोखात बोलायचं. कधी चार महिन्यांनी फिनलंडहून कुणाचं पत्र येतं, तुमचा आवाज आला होता म्हणून. तेवढ्यावर आमचं वर्ष जातं.

मे महिन्यात माझा घसा बसला. कार्यक्रम रिकामा जाऊ नये म्हणून ओस्मारने जुन्या टेपा काढल्या. त्यात सिरिलोचा आईला निरोप होता, जानेवारीत भरलेला. "आई, मी मजेत आहे. रात्री दहा वाजताही इथे लख्ख ऊन असतं. आत्ता बाहेर कपडे वाळत घालून आलो." ती टेप वाजली जूनच्या तोंडाशी. तेव्हा इथे सूर्य दुपारी नाकाचा शेंडा दाखवतो आणि पळतो.

तिकडे गावात फेलिसाबाई, म्हणजे सिरिलोची आई, दर शनिवारी औषधवाल्या इपोलितोच्या दुकानात येऊन शॉर्टवेव्ह ऐकतात. इपोलितो हौशी रेडिओवाला. त्याच्याकडे ऐकण्याचा मोठा सेट आहे आणि बोलण्याचा एक लहान. बाई ऐंशीच्या, पण डोकं सुरीसारखं. हिवाळ्यात आमच्याकडे काळोख असतो हे त्यांनी माझ्याच तोंडून कितीदा तरी ऐकलेलं. मग हा दहा वाजता ऊन कुठून आणतो? ज्या अर्थी जुना आवाज ऐकवतायत, त्या अर्थी नवा आवाज उरलेला नाही. सैन्यवाले आईला फसवतायत. घरी गेल्या आणि फोटो उचलून फळीवर ठेवला, नवऱ्याच्या आणि त्या बैलवाल्या दिराच्या मधोमध.

टेप लावली ओस्मारने, शिव्या खाल्ल्या मी. असो.

"मग बाईंशी सरळ बोलूनच घे ना," मी सिरिलोला म्हटलं. "बुधवारी इपोलितो सेटवर येतोच."

"बोललोय वहिनी. दोनदा. ती म्हणते, हे बदक कोण बोलतंय?"

यात बाईंची चूक नव्हती. त्या लहान सेटवर सगळ्यांचाच आवाज नाकातून चिरकत येतो, मेजरसाहेबसुद्धा बदक होतात. भरदार आवाज जातो तो फक्त आमच्या मोठ्या ट्रान्समीटरवरून. पण तो ट्रान्समीटर एकतर्फी. आपण बोलायचं, उत्तर येत नाही.

बुधवारी देल्फिना दुकानातून बोलली. तिचंही बदक झालं होतं, पण रडवेलं बदक.

"आईला किती सांगितलं रे! ती म्हणते, बोलणं काय, टेपवर भरता येतं. त्याच्यासारखं अकॉर्डियन काय, कुणीही वाजवेल. म्हणते, जिवंत असेल तर त्याला म्हणावं सापुकाय दे. ती मी ओळखीन."

सिरिलोचा चेहरा उजळला. आणि माझ्या शेजारी ओस्मारचा पार उतरला.

सापुकाय म्हणजे काय, हे आमच्या तळावर कुणाला सांगावं लागत नाही. चामामे, म्हणजे तिकडचा अकॉर्डियनवरचा नाचगाण्याचा प्रकार, वाजायला लागला, सुरांनी मनातली कळ दाबली, की कोरिएन्तेसच्या माणसाच्या पोटातून एक आरोळी निघते. लांब, उंच, शेवटी गिरकी घेणारी. आनंदाची असते, दुःखाचीही असते, बहुतेक वेळा दोन्हीची. मी तिला बोंब म्हणते आणि सिरिलो रागावतो. प्रत्येकाची वेगळी असते म्हणे. सिरिलो ती शिकला आईकडून. लहानपणी तो दलदलीपलीकडे गुरं घेऊन जायचा, आणि जेवायची वेळ झाली की फेलिसाबाई अंगणात उभ्या राहून हाक द्यायच्या. इकडून त्याने तशीच परत द्यायची. आली की बाई ताट वाढायच्या. नाही आली तर काठी घेऊन निघायच्या.

"हाकेला हाक द्यायचीच असते वहिनी. नाही दिली तर समोरचा काय समजेल?"

"समजायचं ते समजून बसल्यात त्या," मी म्हटलं.

ओस्मारचं दुखणं मात्र वेगळं होतं. त्या दुखण्याचं नाव जाडी.

जाडी म्हणजे आमचा ट्रान्समीटर. कपाटाएवढा, ओस्मारपेक्षा वयाने मोठा, आणि ओस्मारचं त्याच्यावर जेवढं प्रेम आहे तेवढं कुठल्या बाईवर असतं तर एव्हाना त्याचं लग्न झालं असतं. जाडीची खोली तळावरची सगळ्यात उबदार खोली. म्हणून सिरिलो पावाचं पीठ फुगायला नेऊन जाडीच्या डोक्यावर ठेवतो. यावरून दोघांत वर्षभर भांडण. एकदा पीठ फुगून जाळीतून आत उतरलं होतं. त्या दिवशी बातम्या गेल्या नाहीत, पण खोलीत पावाचा वास मात्र सुंदर सुटला.

तर या जाडीला मोठा आवाज सोसत नाही. माईकसमोर कुणी जोरात बोललं की तिचा काटा लाल पट्ट्यात जातो. काटा फारच पुढे गेला की ती आपली आपण बसते. धप्प. मग तिला पुन्हा तापून तयार व्हायला बराच वेळ लागतो, आणि तोवर जगाला आमचा नुसता शुकशुकाट ऐकू येतो.

गुरुवारी तालीम झाली. सिरिलो टेबलावर बसला, अकॉर्डियन छातीशी घेतलं, डोळे मिटले. वाजवतो छान, हे मला मान्य केलंच पाहिजे. बोटं एवढी जाड, पण त्या बटणांवर नाचतात. दुसऱ्याच कडव्याला त्याने मान मागे टाकली आणि दिली.

धप्प.

"बसली!" ओस्मार किंचाळला. "दादा, माझ्या जाडीने तुमचं काय वाकडं केलंय?"

"हळू दिली रे मी!"

"ही हळू?"

मग हळू करून बघितली. सिरिलोने ओठ मिटून, नाकातून काहीतरी काढलं. कुत्र्याचं शेपूट दारात सापडल्यासारखं. माझी मुलगी पोट धरून खाली बसली. सिरिलो स्वतःच म्हणाला, "हे ऐकलं तर आई मिस्सा रविवारपर्यंत थांबवणार नाही, शनिवारीच उरकून घेईल."

तोंडावर उशी धरून बघितली. उशीतून हाक आली ती विहिरीत पडलेल्या माणसाची. माईक कपाटात ठेवून बघितला. आन्सेल्मोने डोकं चालवलं, सिरिलोला बोळात उभं करू. बोळ पत्र्याचा, हाक त्यात घुमली आणि काटा आणखीच पुढे गेला. धप्प. मेजरसाहेबांनी तर कागदावर आकृती काढून आणली होती, तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

शेवटी ठरलं ते असं. सिरिलोने माईकसमोर वाजवायचं. मी बोट वर केलं की वाजवत वाजवत उठायचं, बोळातून बाहेरच्या दारात जायचं आणि बर्फाकडे तोंड करून हाक द्यायची. दार उघडं ठेवायचं. तेवढ्या लांबून आवाज जाडीला सोसला. शुक्रवारी दोनदा करून बघितलं, काटा लाल पट्ट्याच्या अलीकडेच थांबला. ओस्मार एवढा खूश झाला की त्याने पीठ ठेवायला परवानगी दिली, फक्त रविवारपर्यंतची.

सिरिलो मात्र खूश नव्हता.

"वहिनी, बाहेर जाऊन ओरडतो ती सापुकाय नव्हे. ती कोंबड्या हाकलायची आरोळी. सापुकाय सांगून येत नाही. गाण्याने गळा धरला की येते."

"सांगून येत नसेल तर मी बोट वर करते तेव्हा आण."

"तुम्ही रोसारिओवाले..." एवढंच म्हणाला आणि कणीक मळायला लागला.

शनिवारी संध्याकाळी माईकच्या खोलीत अख्खा तळ लोटला होता. कुणालाच यायला सांगितलं नव्हतं, सगळेच आले होते. मुलं जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, मातेचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, तुंबा हातोहात फिरत होता. काचेपलीकडे ओस्मार जाडीच्या काट्यावर नजर लावून बसला होता, उतू जाणाऱ्या दुधावर लावतात तशी. मी नेहमीचे चार शब्द बोलले. तारीख सांगितली, बाहेर किती थंडी आहे ते सांगितलं, आणि मुद्दाम दोनदा सांगितलं की काळोख आहे, मिट्ट काळोख.

"आणि आता आमचा आचारी सिरिलो आयाला आपल्या आईसाठी वाजवतोय. फेलिसाबाई, ही टेप नाही. मी त्याच्याकडे बघतेय. त्याच्या मिशीला पीठ लागलंय."

सिरिलोने सुरू केलं. पहिलं गाणं हलकं, मुलांनी ताल धरला. दुसरं आणखी जलद. तिसरं मात्र त्याने ठरल्यापेक्षा वेगळंच धरलं. संथ, जुनं. त्याच्या आईचं आवडतं असावं, मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं. खोलीत तुंबा फिरायचा थांबला. माझ्या डोळ्यांसमोर माझी आई आली, रोसारिओच्या ओट्यावर चष्मा पुसत बसलेली, आणि ती तर चामामेचं नाव काढलं तरी नाक मुरडते.

ठरल्या जागी मी बोट वर केलं.

सिरिलोचे डोळे मिटलेले. मी हात वर केला. मग दोन्ही हात. मग उभी राहून हातवारे केले, विमान उतरवतात तसे. आन्सेल्मोने त्याच्या बुटावर पाय दिला. काही नाही. तो इथे नव्हताच. तो दलदलीपलीकडे होता, आणि पलीकडून कुणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं.

त्याची मान मागे गेली. काचेपलीकडे ओस्मारने दोन्ही हात जाडीच्या अंगावर टाकले, जणू तिचे कान झाकतोय.

अशी हाक मी आजवर ऐकली नव्हती. तालमीतल्या सगळ्या हाका हिच्यापुढे खाकरणं. चढत गेली, चढत गेली, खिडकीची काच थरथरली, आणि ती वरच्या टोकाला पोचून गिरकी घेणार...

धप्प.

खोलीत हाक पूर्ण झाली. रेडिओवर अर्धीच गेली होती.

सिरिलोने डोळे उघडले. माईकजवळचा लाल दिवा विझलेला बघितला.  त्याने अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून काढला आणि म्हणाला, "संपलं. आता तिने काय ऐकलं? मुलाने हाक मारली आणि मधेच आवाज बंद झाला. आता तर ती मला पुरूनच टाकेल."

मला त्याच्यावर चिडायचं होतं. केवढी मेहनत, केवढा घाट, आणि या माणसाला माझं बोट दिसलं नाही! पण जे ऐकलं होतं ते इतकं सुंदर होतं की रागच येईना, आणि राग येत नाही म्हणून आणखी चीड.

एवढ्यात ओस्मारच्या दुसऱ्या सेटवर कुणीतरी घाईघाईने बोलायला लागलं. खाडीपलीकडच्या तळावरचे लोक. ते दर शनिवारी आमचा कार्यक्रम ऐकतात.

"तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? आधी संगीत, मग माणसाची किंकाळी, मग आवाज बंद! आग लागलीय का? आम्ही गाड्या काढतोय."

मेजरसाहेबांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला. "आभारी आहे. आग नाही. आमचा आचारी आनंदात होता."

पलीकडे कुणीतरी गाड्या थांबवायला ओरडून सांगितलं. मग, "एवढा?"

त्यावर सगळे हसले, सिरिलो सोडून. तो स्वयंपाकघरात गेला. मी मागून गेले तर तो पीठ मळत होता, उद्याच्या चिपासाठी. त्याच्या आईच्या गावचे ते चीजचे गोळे आमच्या मुलांना फार आवडतात.

"कशाला करतोस आता?" मी विचारलं.

"रविवार आहे वहिनी. माझ्या नावाचं गावजेवण आहे. तिकडे जेवतील, मग इकडे का उपाशी राहायचं?"

हे तो थट्टेने म्हणाला, पण त्याचे डोळे भरले होते. मला रडू आलं, आणि मी रडले. मग हात धुतले आणि त्याच्यासोबत गोळे वळायला बसले. माझे वाकडे झाले, त्याने ते गुपचूप पुन्हा वळले.

मिस्सा सकाळी नऊला. इपोलितोला ओस्मारने आठ वाजताच हाका मारायला सुरुवात केली. अंधारच होता, बाहेर वारा घोंघावत होता. सेटवर खरखर, शिट्ट्या, कुठलंतरी परदेशी गाणं. सिरिलो ओस्मारच्या मागे उभा, ॲप्रन घालून. मी, मेजरसाहेब, आन्सेल्मो, आणि दारात जेवढी मावतील तेवढी मुलं.

अखेर बदक बोललं. "इपोलितो बोलतोय. ऐकू येतंय का?"

"येतंय, येतंय!" ओस्मार म्हणाला. "काल काय झालं ते सांगा. बाई आल्या होत्या?"

"आल्या होत्या म्हणजे? अर्धं गाव आलं होतं! बाई पुढे खुर्चीत, काळी शाल घेऊन. तुमच्या निवेदिकेने मिशीला पीठ लागलंय म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, ही बाई फार बोलते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली.

"वाजवायला लागला, तर म्हणाल्या, चांगलं वाजवतोय, पण माझा मेलेला मुलगाही चांगलंच वाजवायचा. मग ती हाक आली. बाई ताठ झाल्या. आणि हाक मधेच तुटली. सेटवर नुसती सूंऽऽ.  देल्फिनाने तर रडायला घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, आता म्हातारी इथेच कोसळणार."

"आणि?" सिरिलोने ओस्मारच्या खांद्यावरून वाकून विचारलं. त्याचा आवाज माझ्यापर्यंतही नीट आला नाही.

"आणि बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जिवंत आहे. मी म्हटलं, बाई, कशावरून? तर म्हणाल्या, टेप असती तर नीट शेवटपर्यंत वाजली असती. काहीतरी मोडलं. माझ्या सिरिलोला काही मोडल्याशिवाय आनंद होत नाही. आठ वर्षांचा होता तेव्हा हाकेने माझ्या दिव्याची काच तडकवली होती त्याने!"

ओस्मार उठला. त्याने मागे वळून जाडीकडे बघितलं, मग सिरिलोकडे, आणि त्याला घट्ट मिठी मारली. ॲप्रनचं पीठ त्याच्या सगळ्या अंगाला लागलं. मुलं दारात उड्या मारायला लागली. मेजरसाहेब भिंतीवरचा नकाशा वाचत होते. नकाशा उलटा टांगलेला होता.

"थांबा, थांबा," बदक म्हणालं. "बाई इथेच आहेत. त्यांना बोलायचंय."

खरखर झाली. मग दुसरं बदक आलं. बारीक, म्हातारं, आणि विलक्षण हुकमी.

"सिरिलो."

"आई."

"बदकासारखा बोलतोस."

"तूसुद्धा, आई."

"मी म्हातारी आहे. एक सांग. आत्ता बाहेर ऊन आहे का?"

"नाही आई. काळोख आहे. मिट्ट."

"हां. आता खरं बोलतोस. जेवतोस का?"

"मीच स्वयंपाक करतो, आई."

"म्हणूनच विचारलं."

आन्सेल्मोने तोंडावर हात धरला. सिरिलो एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हाताने टेबलाची कड पकडून होता.

"आई, मला फळीवरून काढलंस का?"

"रात्रीच काढला. मेणबत्ती अर्धी उरली होती, ती तुझ्या बापाला लावली."

"आणि मिस्सा?"

"तोही त्यालाच. बरीच वर्षं झाली, त्याला काही मिळालं नव्हतं. मांस शिजतंय, माणसं बोलावलीत, वाया कशाला घालवायचं? आता गप्प बस. काल तू अर्धी दिलीस. अर्धीला उत्तर देत नाहीत, पण लांबून दिलीस म्हणून सोडून देते. ऐक."

मागून इपोलितोचा घाबरा आवाज आला. "फेलिसाबाई, माईकच्या एवढ्या जवळ नको, अहो बाई, जरा मागे..."

आणि मग आली. ऐंशी वर्षांच्या छातीतून, चिरकी, नाकातली, बदकाची, पण तीच. चढण तीच, वळण तेच. शेजारी उभ्या असलेल्या सिरिलोचं तोंड मी बघत होते, म्हणून सांगते, आठ वर्षांचा मुलगा होता तो. चढत गेली, वरच्या टोकाला पोचली, गिरकी घेणार...

धप्प.

सेटवर नुसती सूंऽऽ उरली.

"बसला," ओस्मार म्हणाला. "त्यांचाही बसला."

 मग मेजरसाहेबच आधी फुटले, आणि एकदा ते हसायला लागल्यावर कुणाला धरबंध राहिला नाही. आन्सेल्मो खुर्चीवरून घसरला. मी हसता हसता रडत होते की रडता रडता हसत होते, मला सांगता येणार नाही.

सिरिलोने एक खोल श्वास घेतला. त्याची छाती फुगायला लागली, मान मागे जायला लागली.

"थांबा दादा!" ओस्मार ओरडला. "एक मिनिट! एकच!"

तो धावला. सेट बंद केला, जाडी बंद केली, तिच्या डोक्यावरची पिठाची परात उचलून माझ्या हातात दिली, खिडकीची खिट्टी काढली आणि खिडकी सताड उघडली. बर्फाचा वारा आत घुसला, कागद उडाले, मुलं किंचाळली.

"हं," तो म्हणाला. "आता द्या. पूर्ण द्या."